वाढणे : आयुष्याच्या अवस्था, समाज आणि आरोग्य

(हैदराबाद येथे मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



मी वैद्यकशास्त्राची अभ्यासक नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. मराठी विषय घेऊन मी एम. ए. झाले आणि त्यानंतरची बरीच वर्षे इतर भाषांतील ग्रंथ मराठीत आणण्यात घालविली. त्यांतील पुष्कळसे ग्रंथ आहार, बालसंगोपन आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांवरचे होते. भाषांतरकाराला ज्ञानाचा अधिकार नसतो. परंतु तज्ज्ञ ज्या वाक्यावरून सहज पुढे जातो, त्या वाक्यापाशी भाषांतरकाराला थांबावे लागते, कारण त्याला शब्द सापडत नसतो. अशा थांबण्यातून जे थोडेफार कळले, तेवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

मी पहिल्यांदा थांबले ती 'वाढ' या शब्दापाशी. इंग्रजीत शरीराच्या वाढीला एक शब्द आहे आणि माणसाच्या सर्वांगीण घडणीला दुसरा. त्या दुसऱ्यासाठी आपण 'विकास' हा शब्द घेतला. परंतु बोलताना आपण 'मूल वाढते' असेच म्हणतो. आणि मराठीत 'वाढणे' या क्रियापदाला आणखी एक अर्थ आहे. मूल वाढते, आणि आई ताटात वाढते. पहिले आपोआप होणारे वाटते. दुसरे कोणीतरी कोणासाठी तरी करावयाचे असते. मला आज जे सांगावयाचे आहे ते या दोन अर्थांमध्येच आहे. माणसाची वाढ आपोआप होत नाही. आयुष्याच्या कोणत्या अवस्थेत, कोणाच्या हातून, त्याच्या वाट्याला काय वाढले गेले, याचा जमाखर्च त्याचे शरीर पुढे अनेक वर्षे बाळगून असते.

आजाराविषयीची आपली सर्वसाधारण समजूत याहून वेगळी आहे. पन्नाशीतल्या माणसाला मधुमेह झाला, की त्याने काय खाल्ले, किती चालला, कशाची चिंता केली, एवढेच आपण विचारतो. म्हणजे चौकशी फार तर मागच्या दहा वर्षांची होते. तो जन्मला तेव्हा किती वजनाचा होता, त्याच्या आईला त्या काळी विहिरीवरून किती हंडे पाणी आणावे लागे, त्या आईचे लग्न कोणत्या वर्षी झाले, असे प्रश्न आपल्या मनातही येत नाहीत. गेल्या अर्धशतकातील संशोधनाने हेच प्रश्न विचारावयास लावले आहे.

यातील एक महत्त्वाचा धागा युरोपातील एका दुष्काळापर्यंत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९४४ मध्ये, हॉलंडमधील रेल्वे कामगारांनी दोस्त सैन्याच्या मदतीसाठी संप पुकारला. त्याचा सूड म्हणून जर्मन सत्तेने देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारी अन्नाची वाहतूक रोखून धरली. पुढे बंदी काहीशी सैल झाली, तोवर कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले होते. ॲमस्टरडॅमसारख्या शहरात माणशी रोजचे शिधावाटप एक हजार उष्मांकांच्या खाली गेले आणि काही काळ त्याच्या निम्म्यावर येऊन ठेपले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हा मिळू लागले. हजारो माणसे त्या हिवाळ्यात दगावली.

जगातील बहुतेक दुष्काळांना स्पष्ट आरंभ नसतो आणि स्पष्ट शेवटही नसतो. आपल्या देशातील दुष्काळ तर आधीच्या उपासमारीत मिसळलेले असत. हॉलंडचा हा दुष्काळ मात्र ठराविक महिन्यांत आला आणि ठराविक महिन्यात संपला. त्याच्या आधी आणि नंतर लोकांना पुरेसे खावयास मिळत होते. शिवाय जन्माच्या आणि लष्करभरतीच्या नोंदी नीट ठेवलेल्या होत्या. त्यामुळे अमुक एक मूल आईच्या पोटात कोणत्या महिन्यात असताना उपासमार झाली, हे सांगता येणे शक्य झाले. झीना स्टाइन आणि मर्व्हिन ससर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या नोंदींचा अभ्यास करून १९७५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये लष्करभरतीच्या वेळी तपासल्या गेलेल्या एकोणीस वर्षे वयाच्या सुमारे तीन लाख तरुणांविषयीचा निष्कर्ष पुढे आला. ज्यांच्या गर्भावस्थेचा पूर्वार्ध दुष्काळात गेला होता, त्यांच्यात स्थूलतेचे प्रमाण अधिक होते. ज्यांच्या गर्भावस्थेचे शेवटचे महिने आणि जन्मानंतरचे पहिले महिने दुष्काळात गेले, त्यांच्यात ते कमी होते. उपासमार एकच, परंतु ती कोणत्या अवस्थेत गाठते यावर तिचा परिणाम उलटसुलट झाला.

पुढील अभ्यासांत हे चित्र आणखी स्पष्ट झाले. अखेरच्या महिन्यांत उपासमार झालेली मुले जन्मतः लहान भरली. पहिल्या महिन्यांत ती झालेली मुले मात्र जन्मली तेव्हा सर्वसाधारण वजनाची होती, कारण पुढे आईला अन्न मिळाले होते. परंतु पन्नाशीच्या सुमारास हृद्रोगाचे प्रमाण जास्त आढळले ते याच गटात. तराजूला जे दिसले नव्हते ते शरीराने लक्षात ठेवले होते. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या एकोणीस वर्षांच्या तरुणांच्या बुद्धीच्या चाचण्यांत उपासमारीचा परिणाम दिसून आला नाही. शरीर जे लक्षात ठेवते ते सर्वच ठेवते असे नाही. आणि एका संकटावरून माणसाचे संपूर्ण भवितव्य ठरते असेही नाही.

दुसरा धागा इंग्लंडमधला आहे. हर्टफर्डशायर या परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक नवजात मुलाचे वजन करून वहीत लिहीत असत. आरोग्यसेविका वर्षभर त्या घरी जात, मूल अंगावर पिते की बाटलीने याची नोंद करीत आणि वर्ष पुरे झाल्यावर पुन्हा वजन घेत. ही शिस्त एथेल मार्गरेट बर्नसाइड या अधिकारी स्त्रीने घालून दिली होती. त्या वह्या धूळ खात पडल्या होत्या. साउदॅम्प्टनचे डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी त्या शोधून काढल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले याचा माग काढला. १९८९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता, की एक वर्षाच्या वयात ज्यांचे वजन सर्वांत कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने मरण येण्याचे प्रमाण सर्वांत अधिक होते. त्याआधी १९८६ मध्ये बार्कर यांनी दाखविले होते, की इंग्लंड आणि वेल्समधील ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात अर्भकमृत्यू अधिक होते, त्याच भागांत सुमारे अर्धशतकानंतर हृद्रोगाने होणारे मृत्यू अधिक होते.

यावर आक्षेप घेतले गेले आणि ते योग्यच होते. ज्याचे बालपण गरिबीत गेले त्याचे प्रौढपणही पुष्कळदा गरिबीतच जाते. मग दोष बालपणातील कुपोषणाचा, की पुढील चाळीस वर्षांच्या कष्टाचा, धुराचा आणि तंबाखूचा? या वादातून जो विचार स्थिर झाला तो मला अधिक मोलाचा वाटतो. तो असा, की दोन्ही खरे आहे. एक अवस्था दुसरीच्या हाती काही सोपवून जाते. दुसरी अवस्था त्यात भर घालते किंवा त्यातील उणीव काही अंशी भरून काढते. आरोग्य ही एका दिवसाची गोष्ट नसून ती साऱ्या आयुष्याची मिळकत आहे.

आता आपल्या देशाकडे वळू या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे दहा कोटी असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या देशाने शतकानुशतके भुकेची चिंता केली, त्या देशात हा भरल्या पोटाचा समजला जाणारा रोग इतका का फैलावला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच देशातील दोन अभ्यास फार उपयोगी पडले आहेत.

पहिला दिल्लीचा. दक्षिण दिल्लीच्या एका भागात १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची उंची आणि वजन वेळोवेळी मोजून ठेवण्यात आले होते. ती मुले २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर त्यांपैकी १,४९२ जणांची तपासणी झाली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या ऐन तारुण्यात त्यांच्यापैकी ४.४ टक्के व्यक्तींना मधुमेह होता आणि आणखी १०.८ टक्के व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांचे बालपण कसे होते? ही बालपणी लठ्ठ असलेली मुले नव्हती. पहिली दोन वर्षे ती बारीक होती आणि त्यानंतर मात्र आपल्या पूर्वीच्या मानाने त्यांचे वजन भराभर वाढत गेले होते. आरंभी उणे आणि पुढे अधिक, हा क्रम शरीराला मानवत नाही.

दुसरा अभ्यास पुण्याचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. म्हणजे आपली बालके चांगलीच बारीक. परंतु नीट मोजता असे दिसले, की उणीव स्नायूंत आणि पोटातील अवयवांत अधिक होती. त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास कृश आणि आतून चरबीयुक्त, अशी ही बालके. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे एक ब्रिटिश सहकारी यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते, तरी एकाच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के होते आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवीत होता. देह दोन होते.

या अभ्यासातील दोन निष्कर्ष सामान्य वाचकाने मनात जपून ठेवावेत असे आहेत. एक असा, की ज्या गरोदर स्त्रियांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा येत होते, त्यांची बालके जन्मतः मोठी भरली. दुसरा असा, की ज्या स्त्रियांना गरोदरपणात शेतीचे, पाण्याचे आणि घरकामाचे कष्ट अधिक पडत, त्यांची बालके लहान भरली. आता पाहा, या दोन्ही गोष्टी वैद्यकाच्या आहेत काय? दूध घरात येते; ते कोणाच्या पेल्यात जाते हे वैद्य ठरवीत नाही. विहिरीवर कोणी जावे हेही तो ठरवीत नाही. ते घर ठरविते, आणि घराला ते समाज शिकवितो.

येथे आपण आपल्या विषयाच्या दुसऱ्या अंगापाशी येतो. आयुष्याच्या अवस्था निसर्ग ठरवितो असे आपण समजतो. शैशव, बाल्य, तारुण्य, वार्धक्य हे क्रम निसर्गाचे आहेत खरे. परंतु त्या प्रत्येक अवस्थेत माणसाचे स्थान काय, हे माणसांनी ठरविलेले असते. आपल्या परंपरेने आयुष्याचे चार आश्रम सांगितले. ती कल्पना सुंदर आहे. परंतु ती प्रामुख्याने काही वर्णांतील पुरुषांच्या आयुष्याची आखणी होती. स्त्रीच्या आयुष्याच्या अवस्थांना आपण वेगळीच नावे दिली. ती मुलगी असते, मग सून होते, आई होते आणि अखेर सासू होते. ही नावे वयाची नाहीत, नात्यांची आहेत. आणि तिच्या ताटात काय पडेल, तिला किती विश्रांती मिळेल, आजारी पडल्यास डॉक्टरकडे कोण नेईल, हे तिच्या वयापेक्षा या नात्यावर अधिक अवलंबून राहत आले आहे.

माझी आजी पंगत उठल्यावर जेवावयास बसे. भाकरी उरली तर भाकरी, कालवण उरले तर कालवण. तिला याचे दुःख होते असे मला कधी वाटले नाही. घरातल्या कोणालाही त्यात काही वावगे दिसत नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. ती सून होती तेव्हापासूनची ही रीत सासू झाल्यावरही तिच्या अंगवळणीच राहिली. तिच्या प्रत्येक गरोदरपणी डोहाळजेवण मात्र हौसेने झाले होते, असे ती सांगे. एक दिवस पाटावर बसवून, ओटी भरून, तिला आवडीचे सर्व वाढले गेले. त्या एका दिवसाचा गोडवा खरा होता. परंतु पोटातील जीव नऊ महिन्यांच्या रोजच्या जेवणावर वाढतो, सोहळ्याच्या एका पानावर नाही. गरोदर स्त्रीने फार खाल्ले तर बाळाला जागा उरत नाही, किंवा मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, ही समजूत तर देशाच्या अनेक भागांत आहे. ज्या काळात बाळंतपणात प्राण जाण्याची भीती खरोखरच मोठी होती त्या काळात ती का रुजली असेल, हे समजू शकते. भीतीचे कारण कमी झाले तरी रीत मागे उरते.

ही केवळ घरगुती आठवण नाही. डायान कॉफी यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की भारतात गरोदर राहण्याच्या वेळी ४२.२ टक्के स्त्रियांचे वजन असावे त्यापेक्षा कमी होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण १६.५ टक्के होते. ही तुलना २००५ च्या सुमाराच्या आकडेवारीवर आधारलेली होती. त्या काळी आफ्रिकेतील ते देश सरासरीने भारताहून अधिक गरीब होते. म्हणजे केवळ दारिद्र्याने याचा उलगडा होत नाही. कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पीअर्स यांनी आणखी एक बारकाईची पाहणी केली. ग्रामीण भागातील एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या सख्ख्या भावांच्या मुलांची उंची त्यांनी ताडून पाहिली. छप्पर एक, चूल एक, आजोबा एक. तरीही धाकट्या सुनेची मुले थोरल्या सुनेच्या मुलांपेक्षा सरासरीने बुटकी आढळली. धाकट्या सुनेचे घरातील स्थान खालचे असते, तिचा शब्द शेवटचा असतो, आणि तिच्या मुलाच्या हाडांत त्याची नोंद होते. घरातील मानपान सेंटिमीटरने मोजता येतो, असे मला कोणी तरुणपणी सांगितले असते, तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

अवस्था समाज घडवितो याचे आणखी एक उदाहरण देते. आपण 'मुलगी वयात आली' असे म्हणतो. पूर्वी वयात येणे आणि सासरी जाणे यांत अंतरच नव्हते. पुष्कळदा लग्न आधीच झालेले असे. म्हणजे ज्याला आपण आज किशोरावस्था म्हणतो ती अवस्था मुलीच्या आयुष्यात नव्हतीच. ती तिला कायद्याने आणि सुधारकांच्या झगड्याने मिळाली. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ मध्ये १८. कायद्याचे वय आणि घरातले वय यांत अंतर राहते हेही खरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३.३ टक्क्यांवर आले. ही घट म्हणजे लाखो मुलींच्या आयुष्यात एका संपूर्ण अवस्थेची भर आहे. परंतु त्याच २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात लोहद्रव्याला धरून राहणारा रक्तवर्ण कमी असल्याचे, म्हणजे त्यांना रक्तक्षय असल्याचे, दिसले. अवस्था मिळाली, त्या अवस्थेतील ताट अजून पुरेसे भरलेले नाही.

मित्रहो, येथवर ऐकून आपल्यापैकी कोणाच्या मनात दोन शंका आल्या असतील. दोन्ही गंभीर आहेत.

पहिली शंका अशी, की हे सर्व ऐकून आईलाच दोष दिला जाणार नाही काय? मुलाला पुढे मधुमेह झाला तर तिने नीट खाल्ले नाही म्हणून, असे म्हणणारे निघतील. तसे म्हणणे हा या संशोधनाचा विपर्यास आहे. हॉलंडमधील आयांनी उपवास मागून घेतला नव्हता. आपल्या खेड्यातील सुनेने हंडे हौसेने उचललेले नसतात. संशोधन आईकडे बोट दाखवीत नाही. ते तिच्याभोवतीच्या माणसांकडे, पाणवठ्याच्या अंतराकडे, मजुरीच्या दराकडे आणि तिच्या लग्नाच्या वयाकडे बोट दाखविते.

दुसरी शंका अशी, की जन्मापूर्वीच सर्व ठरत असेल, तर हे नवे प्रारब्धच नाही काय? जुन्या काळी सटवाई पाचव्या दिवशी कपाळावर लिहून जाई. आता ती नऊ महिने आधीच लिहून जाते, एवढाच काय तो फरक! परंतु वस्तुस्थिती तशी नाही, आणि याचा एक पुरावा आपल्या या शहरापासून फार दूर नाही. हैदराबादजवळच्या काही खेड्यांत १९८७ ते १९९० या काळात गरोदर स्त्रियांना आणि सहा वर्षांखालील मुलांना रोज पूरक आहार देण्यात आला. शेजारच्या खेड्यांत ती योजना अद्याप पोहोचलेली नव्हती. एकात्मिक बालविकास योजना देशात १९७५ मध्ये सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने पसरली, त्यामुळे अशी तुलना शक्य झाली. ती मुले १३ ते १८ वर्षांची झाल्यावर तपासण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आहार मिळालेल्या खेड्यांतील मुले सरासरीने १४ मिलिमीटर उंच होती, त्यांच्या रक्तवाहिन्या अधिक लवचीक होत्या आणि शरीर इन्शुलिनचा उपयोग अधिक चांगला करीत होते. चौदा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या रुंदीएवढे अंतर. परंतु हे अंतर अंगणवाडीत वाढल्या गेलेल्या साध्या खाण्याने निर्माण केले होते.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत असाच प्रयोग झाला होता. दोन खेड्यांतील मुलांना प्रथिनयुक्त पेज देण्यात आली आणि दोन खेड्यांतील मुलांना प्रथिने नसलेले गोड पेय. ती मुले मोठी होऊन कमावू लागल्यावर असे आढळले, की वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ज्या मुलग्यांना पेज मिळाली होती, त्यांची तासाची कमाई पुढे सरासरीने ४६ टक्के अधिक होती. स्त्रियांच्या कमाईत मात्र तसा फरक दिसला नाही. शरीर घडले तरी त्या शरीराला समाजात कोणते काम मिळते, हा प्रश्न उरतोच.

नंतरच्या अवस्थाही काही कमी सांगून जात नाहीत. अमेरिकेत १९२९ नंतर जी भयंकर मंदी आली, तिच्यात वाढलेल्या मुलांचा अभ्यास ग्लेन एल्डर यांनी केला आणि १९७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ओकलंड शहरातील १९२०-२१ मध्ये जन्मलेली मुले मंदी आली तेव्हा कळत्या वयाची होती. बापाची नोकरी गेली, तेव्हा मुलगे लहानसहान कामे करू लागले आणि मुलींनी घर सांभाळले. त्या जबाबदारीने पुष्कळांना बळ दिले. शेजारच्या बर्कली शहरात १९२८-२९ मध्ये जन्मलेले मुलगे मात्र त्या वेळी अगदी लहान होते. घरातील कलह आणि विवंचना त्यांच्या वाट्याला आली, पण उपयोगी पडण्याचे समाधान आले नाही, आणि त्यांच्या मनावर तिचे ओरखडे अधिक खोल उठले. तरीही त्यांच्यापैकी अनेकांची आयुष्ये पुढे सावरली. सैन्यातील नोकरी, त्यानंतर सरकारी खर्चाने मिळालेले शिक्षण, स्थिर विवाह, यांनी त्यांना दुसरी संधी दिली. आघात वयावर अवलंबून असतो, तशी सावरण्याची संधीही समाजावर अवलंबून असते.

प्रौढ वयाचे पाहू. लंडनमधील सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. मायकेल मार्मट यांच्या नावाशी ती पुढे कायमची जोडली गेली. यांतील कोणीही उपाशी नव्हता. सर्वांना पगार होता, औषधोपचार मोफत होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-हरकाऱ्यांचे मृत्युप्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. आणि हा केवळ तळ आणि शिखर यांमधला भेद नव्हता. प्रत्येक पायरीवरचा माणूस त्याच्या वरच्या पायरीवरच्या माणसापेक्षा कमी निरोगी होता. तंबाखू, रक्तदाब यांचा हिशेब करूनही सर्व अंतर भरून निघाले नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत असे आढळले, की आपल्या कामावर ज्याचा स्वतःचा ताबा नाही त्याला हृद्रोगाचा धोका अधिक असतो. धाकट्या सुनेचा शब्द आणि शिपायाचा शब्द यांत मला फार अंतर दिसत नाही.

आणि वार्धक्य? २०११ च्या जनगणनेत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के, म्हणजे दहा कोटींहून अधिक, होते. यांतील कित्येक जण स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेले. त्यांच्या गुडघ्यांत, डोळ्यांत, रक्तवाहिन्यांत त्या काळातील रेशनच्या रांगा आहेत, बालपणीची देवी आणि हिवताप आहेत, आणि त्यांतील स्त्रियांच्या अंगात सर्वांच्या शेवटी जेवण्याची सवय आहे. त्यांना आपण पेन्शन, औषध किंवा एक वेळचे सकस अन्न देतो तेव्हा तो उपकार नसतो. जुनी बाकी चुकती करण्याचा तो प्रयत्न असतो.

मग करावे काय? मोठ्या योजना सरकारने कराव्यात, आणि त्या नीट चालतात की नाही हे आपण पाहावे. शाळेतील दुपारचे जेवण, अंगणवाडी, नळाचे पाणी, मुलीचे शिक्षण, गरोदर स्त्रीची रजा या आपण वेगवेगळ्या खात्यांच्या गोष्टी समजतो. शरीराच्या दृष्टीने त्या एकाच वहीतील निरनिराळ्या पानांवरच्या नोंदी आहेत. त्या वेळेवर व्हाव्या लागतात, कारण पहिल्या दोन वर्षांत न मिळालेले दूध विसाव्या वर्षी पाजून ती उणीव पूर्ण भरत नाही. आणि त्या शेवटपर्यंत व्हाव्या लागतात, कारण कोणतीही अवस्था अशी नाही की जेथे मदत पूर्णपणे व्यर्थ जाते.

परंतु एक काम कोणत्याही योजनेची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. आज रात्री आपापल्या घरी जेवणाच्या वेळी कोण वाढते आणि कोण शेवटी बसते, एवढे आपण नुसते पाहावे. ज्या घरात मुलगी, सून आणि आई सर्वांबरोबर बसतात, त्या घरातील पुढच्या पिढीचे आरोग्य आजच सुधारू लागलेले असते. त्याचा दाखला पन्नास वर्षांनी एखाद्या तपासणीच्या कागदावर उमटेल. आपण तेव्हा नसू.

'वाढणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत असे मी आरंभी म्हटले. आता मला वाटते, की ते दोन नाहीत. भाषांतर करताना मी पुष्कळदा मराठीला तो अधिकचा शब्द नाही म्हणून कुरकुर केली आहे. या एका बाबतीत मात्र आपली भाषा आपल्या रीतींपेक्षा शहाणी निघाली.